लाईन एकाची, वीज दुसऱ्याची: हे जमतं कसं? आणि बोर्डाचे तुकडे कशासाठी केले?

डाळमिलवाला, लातूर

नमस्कार मंडळी. लातूर एमआयडीसीत आमची डाळमिल आहे. मंजूर भार १८० किलोवॅट, ११ केव्हीचं एचटी कनेक्शन, ट्रान्सफॉर्मर आमच्या आवारातच. तुरीच्या हंगामात मिल रात्रीही बंद नसते. माल आणि मजुरी सोडली तर सगळ्यात मोठा खर्च लाईटबिलाचा.

परवा एका सोलर कंपनीचा माणूस आला होता. धाराशिव जिल्ह्यात त्यांचा प्रकल्प आहे. तो म्हणाला, आता १०० किलोवॅटच्या वरच्या ग्राहकालाही ओपन अॅक्सेस, म्हणजे महावितरण सोडून दुसऱ्याकडून वीज घ्यायची मुभा, मिळतो, युनिट आमच्याकडून घ्या, स्वस्त पडतील. मी विचारलं, धाराशिवहून लातूरला तार कोण ओढणार? तर म्हणाला, नवी तार नाहीच, आहे त्याच लाईनीवरून येईल, तुमचा मीटर तेवढा बदलेल.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळायलंय. ज्याची लाईन आहे त्यालाही वीज विकायचीच आहे की. मग तो दुसऱ्याची वीज आपल्या तारेवरून माझ्यापर्यंत कशाला येऊ देईल? आज देईल, पण उद्या ऐन हंगामात ‘लाईनीवर लोड जास्त झाला’ म्हणून थांबवलं तर मी कुणाकडं जायचं?

दुसरं असं की आमचे चुलते राज्याच्या वीज बोर्डाच्या काळात लाईनीची कामं घ्यायचे. ते म्हणायलेत, बोर्ड एक होतं तवा एका कचेरीत काम व्हायचं. २००५ ला तुकडे केले, कचेऱ्या वाढल्या, युनिट काही स्वस्त झालं नाही. हे खरं आहे का? तुकडे नेमके कशासाठी केले? जाणकारांनी जरा उलगडून सांगावं. सही करायच्या आधी समजून घ्यायचंय.

जुना बोर्डवाला, अंबाजोगाई

लातूरकर, तुमचे दोन्ही प्रश्न एकाच मुळाशी जातात, म्हणून सविस्तर लिहितो. मी मंडळात सबस्टेशन ऑपरेटर म्हणून लागलो आणि महापारेषणमधून निवृत्त झालो. नोकरी सगळी बीड-लातूर-परभणीच्या पट्ट्यात, १३२ केव्हीपासून ४०० केव्हीपर्यंतच्या उपकेंद्रांत गेली.

१९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झालं तेव्हापासून वीज तयार करणं, दूर नेणं आणि घरोघर देणं ही तिन्ही कामं एकाच छपराखाली होती. परळीचं थर्मल मंडळाचं, तिथून निघणारी लाईन मंडळाची, गावातली डीपी मंडळाची आणि बिल देणारा माणूसही मंडळाचाच. मुंबई सोडली तर बाहेरच्या कुणी मोठं वीजकेंद्र उभारलं तरी त्याला गिऱ्हाईक एकच, मंडळ. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाच्या वेळी राज्यानं याचा चटका सोसला. दर बाजारात नाही, करारात ठरला, आणि तो परवडेना तेव्हा मंडळाला दुसरी वाट नव्हती, कंपनीला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

त्या काळात कंट्रोल रूममध्ये बसणं कसं असायचं तेही सांगतो, कारण मुद्दा तिथूनच कळतो. समोर मिमिक पॅनल, म्हणजे उपकेंद्राच्या लाईनींचा नकाशा काढलेला दिव्यांचा फलक. दर तासाला प्रत्येक फीडरचे अँपिअर, केव्ही, मेगावॅट लॉगशीटवर लिहायचे आणि लक्ष सतत फ्रिक्वेन्सी मीटरकडं. काटा ४९ हर्ट्झच्या खाली सरकला, म्हणजे मागणी पुरवठ्याच्या वर गेली, की पीएलसीसीचा, म्हणजे वीजतारेवरूनच चालणारा, फोन वाजायचा. राज्यभराचा भार सांभाळणाऱ्या कळव्याच्या लोड डिस्पॅचचा हुकूम: इतके मेगावॅट कमी करा. मग ब्रेकर पाडायचा टीएनसी स्विच फिरवायचा. पॅनलवरचा लाल दिवा जायचा, हिरवा लागायचा, यार्डातून ब्रेकर पडल्याचा आवाज यायचा आणि एका तालुक्याची लाईट गेलेली असायची. कुणाची जावी, कुणाचं केंद्र चालावं, कुठली लाईन आधी दुरुस्त व्हावी, हे सगळं ठरवणारं घर एकच. वीज तयार करणारंही तेच घर. त्या घराच्या निर्णयावर बाहेर दाद मागायला १९९९ मध्ये वीज नियामक आयोग येईपर्यंत जागाच नव्हती.

१० जून २००३ ला नवा वीज कायदा लागू झाला. औष्णिक केंद्र उभारायला लागणारा परवाना त्यानं काढून टाकला. पण केंद्र उभारून उपयोग काय, जर गिऱ्हाइकापर्यंतची लाईन प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात असेल? म्हणून त्याच कायद्यात कलम ३९ आणि ४१ आहेत. पारेषण करणाऱ्यानं, म्हणजे मोठ्या लाईनीवरून वीज दूर नेणाऱ्यानं, विजेचा व्यापार करायचा नाही, आणि ठरलेलं भाडं घेऊन लाईन सगळ्यांना भेदभाव न करता वापरू द्यायची. ६ जून २००५ ला आपल्या मंडळाच्या महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि वर एक सूत्रधारी कंपनी अशा चार कंपन्या झाल्या.

तुमचा धंदा डाळीचा, म्हणून तुमच्याच यार्डातलं विचारतो. लातूरच्या बाजार समितीचं गेट, आतला रस्ता आणि भुईकाटा हे सगळं उद्या एकाच आडत्याला देऊन टाकलं, आणि त्याला स्वतःची तूर विकायलाही मोकळीक ठेवली, तर दुसऱ्या आडत्याच्या गाड्या वेळेवर आत येतील का? त्यांचं वजन बरोबर भरेल का? काटा विकणाऱ्याच्या हाती नसावा एवढंच त्या दोन कलमांचं म्हणणं आहे.

लाईनवाल्याला अडवायचं असेल तर तो सरळ ‘नाही’ म्हणत नाही. तो म्हणतो, क्षमता शिल्लक नाही. आणि हे खरं की खोटं ते बाहेरच्या माणसाला कळत नाही, कारण लाईन किती भार वाहील हे नुसत्या तारेच्या जाडीवर ठरत नाही. आपल्याकडं मे महिन्यात बेचाळीस अंशांत तार तापून झोल खाते, जमिनीपासूनचं अंतर कमी होतं, म्हणून उन्हाळ्यात तीच लाईन कमी वाहते. शिवाय शेजारची लाईन ट्रिप झाली तर तिचा भार त्या क्षणी हिच्यावर येणार, तेवढी जागा कायम मोकळी ठेवावी लागते. ती मोकळी जागा किती धरायची, हा हिशेब ज्याच्या हातात त्याच्या हातात बाजार.

दुसरी तऱ्हा देखभालीची. प्रतिस्पर्ध्याच्या केंद्राची लाईन नेमकी दर चढे असतानाच शटडाऊनवर घ्यायची. कागद सगळे नियमात असतात. तिसरी, नव्या केंद्राला उपकेंद्रात बे, म्हणजे लाईन जोडायची जागा, देताना सर्व्हे, नकाशे, शेरे यांतच वर्ष काढायचं. आणि सगळ्यात मुरलेली तऱ्हा हिशेबाची: आपल्या वीजकेंद्राचा खर्च हळूच लाईनीच्या खात्यात ढकलायचा. लाईनीचं भाडं सगळेच भरतात, म्हणजे आपल्या केंद्राचा भुर्दंड प्रतिस्पर्ध्याच्या गिऱ्हाइकाकडून वसूल.

माझ्या मते मात्र सगळ्यात मोठं नुकसान बांधल्याच न गेलेल्या लाईनींचं असतं. ते कुठल्याही वहीत दिसत नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं. त्याआधी वीज एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, दक्षिणेतला दर इतर भागांपेक्षा चढा असायचा, कारण बाकी देशातून तिकडं जाणाऱ्या विजेला वाट अपुरी होती. ती वाट रुंद होणं वीज घेणाऱ्याच्या हिताचं होतं, तिथं वीज विकणाऱ्याच्या नव्हे. लाईन बांधणं त्या विकणाऱ्याच्याच हाती असतं तर तो ती का बांधेल? केंद्र सरकारनं १९८९ मध्येच पारेषणाची वेगळी कंपनी काढून एनटीपीसी, एनएचपीसी या आपल्या वीजनिर्मिती कंपन्यांच्या लाईनी तिच्याकडं द्यायचं ठरवलं. तीच आजची पॉवरग्रिड. तिला वीज विकायची नव्हती, लाईनी बांधायच्या होत्या.

ओडिशाचं उदाहरणही ध्यानात ठेवा. त्यांनी आपल्या आधी, १९९६ मध्ये मंडळ मोडलं. पण लाईनी आणि घाऊक वीजखरेदी दोन्ही एकाच ग्रिडको कंपनीकडं ठेवल्या. नव्या कायद्यात ते बसेना. २००५ मध्ये लाईनी काढून वेगळ्या कंपनीला द्याव्या लागल्या.

आता तुमच्या चुलत्यांचं. कचेऱ्या वाढल्या हे खरंच आहे, आणि एका यार्डात दोन कंपन्यांची हद्द आली की लाईनीवर काम करायचं साधं परमिट घ्यायलाही चार फोन जास्त लागतात, हे आम्ही भोगलंय. पण त्या हद्दीमुळं एक गोष्ट झाली. केंद्रातून वीज बाहेर पडते तिथं मीटर बसला, १३२ चं ३३ होतं तिथं मीटर बसला. पूर्वी गळती किती आणि कुठली, यावर नुसती चर्चा चालायची. आता राज्याच्या पारेषण लाईनींतली गळती तीन टक्क्यांच्या आसपास आहे हे आयोगाच्या आदेशात छापून येतं. उरलेलं कुठं जातं ते मग ज्याचं त्याला सांगावं लागतं. युनिट स्वस्त झालं नाही, हे मी नाकारत नाही. नुसती लाईन वेगळी करून युनिट स्वस्त होत नसतं. कोळसा, पाणी, शेतीपंपांची थकबाकी हे सगळं त्यात असतं.

आणि आता तुमची मिल. इथं नीट ऐका. लाईन आणि विक्री यांची फारकत झाली ती १३२ केव्ही आणि त्यावरच्या भागात. तुमची ११ केव्हीची तार महावितरणची, आणि महावितरण वीजही विकतं. म्हणजे ज्याचं गिऱ्हाईक तुम्ही सोडणार, त्याच्याच तारेवरून दुसऱ्याची वीज घेणार. तुमची शंका अगदी बरोबर जागी आहे. तार आणि विक्री इथंही वेगळी करावी म्हणून डिसेंबर २०१४ मध्ये लोकसभेत विधेयक आलं होतं, ते मंजूर झालं नाही. मुंबईत मात्र २००९ पासून हजारो घरं एका कंपनीच्या तारेवर दुसऱ्या कंपनीची वीज वापरू लागली. तिथं एकाच भागात दोन परवानेधारक होते आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता म्हणून. आपल्याकडं तुम्हाला आधार आहे तो कायद्याच्या कलम ४२ चा आणि २०२२ च्या हरित ओपन अॅक्सेसच्या नियमांचा. त्यात लिहिलंय की अर्जावर पंधरा दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. तक्रार घेऊन जायला वीज नियामक आयोग आहे. हे कागद हाताशी ठेवा.

हिशेबनीस, जालना

काकांनी तत्त्व सांगितलं, मी पैशाचं सांगतो. मी जालन्यात एका सळईच्या कारखान्याचे हिशेब बघतो. भट्टी म्हणजे वीजच खाते, त्यामुळं ओपन अॅक्सेस आमच्याकडं जुना विषय.

लातूरकर भाऊ, विकणारा जो दर सांगतो तो त्याच्या गेटवरचा. तुमच्या मीटरवर तो येईपर्यंत त्यात पारेषण भाडं, वहन आकार, वाटेतली गळती, क्रॉस सबसिडी अधिभार आणि लागू असला तर अतिरिक्त अधिभार (गिऱ्हाईक गेल्यावर महावितरणच्या अंगावर पडणाऱ्या स्थिर खर्चापोटीचा) चढतो. गळती पैशात नाही, युनिटमध्ये कापतात: तिकडं १०० टाकले तर इकडं १०० मोजले जात नाहीत. आमचा एक शेजारी कारखाना थेट अतिउच्च दाबाच्या लाईनीवर आहे, त्याला ११ आणि ३३ केव्हीचा वहन आकार पडत नाही. तुम्ही ११ वर आहात, तुम्हाला पडणार.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बिलावर जो ‘वहन आकार’ दिसतो तो वितरणाच्या तारांचा आहे. मोठ्या टॉवरच्या लाईनींचं भाडं साध्या ग्राहकाच्या बिलात वेगळं दिसत नाही, ते वीज आकारात मुरलेलं असतं. ओपन अॅक्सेसला गेलं की ते पहिल्यांदा वेगळं दिसतं आणि माणूस दचकतो.

क्रॉस सबसिडी अधिभार का, हेही समजून घ्या. उद्योगाच्या दरात शेतीपंपाच्या स्वस्त दराचा वाटा असतो. मोठी गिऱ्हाइकं निघून गेली तर तो वाटा कुणी द्यायचा, म्हणून जाणाऱ्याकडून घेतात. आपल्या भागात हा पैसा हवेतला नाही, आपल्याच भावकीच्या मोटारीला तो लागतो. मी मालकाला अधिभार वाचवायचे मार्ग सांगतो ते माझं कामच आहे, पण हा अधिभार अन्यायाचा आहे असं मी म्हणणार नाही.

कायदेशीर मार्ग म्हणजे ग्रुप कॅप्टिव्ह. प्रकल्पात वापरणाऱ्यांचा मिळून किमान २६ टक्के हिस्सा आणि तयार होणाऱ्या विजेतला किमान ५१ टक्के वापर त्यांचाच, अशी अट आहे. मग क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही. अतिरिक्त अधिभारही कॅप्टिव्हवाल्यांना लावता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२१ चा निकाल आहे. पण वर्षभराच्या हिशेबात ती अट मोडली तर सगळा अधिभार मागून भरावा लागतो. त्यामुळं बाकीचे भागीदार कोण आहेत, त्यांची मिल चालू राहील का, हे तुमच्याच फायद्याचं बघणं आहे.

परळीकर

सगळं वाचलं. माझा प्रश्न सरळ आहे, कुणी रागावू नये.

आमच्या गावात १९७१ पासून थर्मल आहे. जुने संच मोडीत निघाले, आता २५० मेगावॅटचे तीन आहेत. ते कधी चालतात, कधी बंद राहतात. बंद पडले की कोळशावरची, राखेवरची कंत्राटी पोरं घरी बसतात, हॉटेलं, ऑटोरिक्षा, सगळ्यांचं चाक थांबतं. आणि त्याच टायमाला आमच्या शेतावरून गेलेल्या टॉवरच्या लाईनी गुणगुणत असतात, दुसरीकडली वीज भरून. आमची जमीन गेली, राख आमच्या अंगणात, आणि वीज घ्यायची वेळ आली की आमचा नंबर शेवटी. बोर्ड एक होतं तवा निदान आपलं केंद्र आधी चालवा असं कुणाला तरी म्हणता यायचं. आता लाईनवाले म्हणतात आमचा संबंध नाही, केंद्रवाले म्हणतात आम्हाला शेड्यूल नाही. ह्या फारकतीनं परळीला काय दिलं?

जुना बोर्डवाला, अंबाजोगाई

परळीकर, तुमचा राग मला पटतो. मी तुमच्या शेजारचाच.

पाण्यासाठी संच बंद पडतात ते वेगळं, दराच्या क्रमात मागे पडून बंद राहतात ते वेगळं. २०१३ च्या दुष्काळात खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी नव्हतं म्हणून सगळं केंद्र बंद करावं लागलं, २०१५ मध्येही तेच. त्याचा लाईन वेगळी करण्याशी काही संबंध नाही. गोदावरीच्या कोरड्या पट्ट्यात औष्णिक केंद्र चालवायचं तर पाणी बाराही महिने पाहिजे, हे दुखणं पहिल्यापासून आहे.

दुसरं दुखणं मेरिट ऑर्डरचं. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी ज्याचा इंधनखर्च कमी त्याला आधी बोलावतात. परळीजवळ खाण नाही. कोळसा रेल्वेनं लांबून येतो आणि भाडं युनिटवर चढतं. चंद्रपूर खाणीच्या दारात आहे. त्यामुळं क्रमवारीत परळी खाली जाते. बोर्ड एक असताना परळी महाग पडते हे कुणाला कळत नव्हतं, कारण सगळा खर्च एकाच वहीत बुडायचा. महाग वीज तेव्हाही आपणच भरत होतो, फक्त ती दिसत नव्हती. तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर कडू आहे, पण मी ते गोड करून सांगणार नाही. लाईनवाल्यानं ‘आपलं’ केंद्र आधी चालवायचं ठरवलं तर उद्या तोच न्याय लावून धाराशिवच्या सोलरवाल्याला दाराबाहेर ठेवता येईल.

तरी एक गोष्ट मी पॅनलसमोर बसून पाहिलेली आहे आणि ती मेरिट ऑर्डरच्या तक्त्यात दिसत नाही. व्होल्टेज. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी सुरू झालं की मोटारींचा भार एकदम चढतो. मोटारीला नुसते मेगावॅट पुरत नाहीत, चुंबकासाठी रिअॅक्टिव्ह वीजही लागते, आणि ती लांबून आणता येत नाही. वाटेतच खर्ची पडते. परळीचे संच चालू असले की आमच्या उपकेंद्राचा केव्ही मीटर टिकून राहायचा. बंद असले की १३२ चा काटा खाली यायचा, आम्ही ट्रान्सफॉर्मरचे टॅप वाढवत जायचो, कॅपॅसिटर बँक घालायचो, आणि शेवटच्या टॅपवरसुद्धा शेतकऱ्याचा फोन यायचा की मोटार घुमायलीय, पाणी फेकत नाही. हे काम परळी करत होती आणि त्याचा मोबदला तिला कुठल्याच रकान्यात मिळत नव्हता. फारकत झाली आहे तर या सेवेचाही वेगळा दर लावा आणि परळीला तो द्या, किंवा कॅपॅसिटर, एसव्हीसी अशी व्होल्टेज सावरणारी यंत्रं लावून ते काम लाईनवाल्यानं आपल्या खर्चानं करावं. गावकऱ्यांनी आयोगाच्या जाहीर सुनावणीत मागावं ते हे. ‘आमचं केंद्र चालवा’ म्हटलं की दराचा तक्ता दाखवतात. ‘व्होल्टेजचा हिशेब दाखवा’ म्हटलं तर तो दाखवावा लागेल.

प्राध्यापिका, नांदेड

अभियांत्रिकीच्या मुलांना पॉवर सिस्टिम शिकवते. काकांचं बहुतेक सगळं मान्य आहे, एका ठिकाणी मात्र वेगळं वाटतं. लाईनीचा मालक कोण, यापेक्षा लाईनीचं सुकाणू कुणाकडं, हा प्रश्न जास्त मोठा आहे.

अमेरिकेत एप्रिल १९९६ मध्ये संघीय नियामकानं ८८८ आणि त्याच्या जोडीला ८८९ क्रमांकाचा आदेश काढला. कंपन्यांकडून लाईनी काढून घेतल्या नाहीत. सांगितलं एवढंच की स्वतःच्या केंद्राला ज्या अटींवर लाईन वापरता, त्याच अटींवर दुसऱ्यालाही द्या, आणि क्षमता किती शिल्लक आहे ते सगळ्यांना एकाच वेळी दिसेल असं जाहीर करा. त्यातून पुढं बऱ्याच भागांत स्वतंत्र ग्रिडचालक संस्था आल्या. तार खासगी कंपनीची, पण ती कशी चालवायची ते या संस्था ठरवतात. युरोपनं २००९ च्या कायद्यात मालकी तोडणं, स्वतंत्र चालक नेमणं, किंवा एकाच समूहात कडक भिंत घालणं असे तीन पर्याय ठेवले. इंग्लंडनं १९९० मध्येच लाईनी मोठ्या निर्मिती कंपन्यांपासून वेगळ्या केल्या होत्या, तरी सुरुवातीची बरीच वर्षं दर दोन मोठ्या निर्मिती कंपन्यांच्याच मुठीत राहिले आणि शेवटी नियामकानं त्यांना काही केंद्रं सोडायला लावली. म्हणजे लाईन वेगळी केली तरी विकणारे मोजकेच असतील तर बाजार बाजार राहत नाही. आणि त्याच इंग्लंडनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रिड चालवण्याचं काम लाईनमालक कंपनीकडून काढून सरकारी संस्थेकडं दिलं.

आपल्याकडचंच बघा. तिरोड्याहून छत्रपती संभाजीनगरपर्यंत आलेली ७६५ केव्हीची लाईन ज्या समूहाची, तिरोड्याचं वीजकेंद्रही त्याच समूहाचं. परवाने वेगळे, कंपन्या वेगळ्या, मालक एक. कायद्यात हे बसतं. तिथं भेदभाव होणार नाही याची हमी मालकीवर उभी नाही, त्या लाईनीचं वेळापत्रक तिऱ्हाईत लावतो यावर उभी आहे.

तो तिऱ्हाईत खरोखर तिऱ्हाईत आहे का? देशपातळीवर ग्रिड चालवणारी संस्था जानेवारी २०१७ मध्ये पॉवरग्रिडपासून पूर्ण वेगळी केली, आज ती ग्रिड-इंडिया. आपल्या राज्याचं भार प्रेषण केंद्र, ज्याला काका कळवा म्हणतात, ते महापारेषणच्या अखत्यारीत आहे. आणि महापारेषण, महानिर्मिती, महावितरण तिघींवर सूत्रधारी कंपनी एकच. कायद्यात भार प्रेषणासाठी स्वतंत्र शासकीय संस्था काढायची तरतूद आहे, ती होईपर्यंत पारेषण कंपनीनं चालवावं असं म्हटलंय. ‘होईपर्यंत’ला वीस वर्षं झाली. तिथले अभियंते प्रामाणिक आहेत, मी त्यातल्या काहींना शिकवलंय. पण आपल्याच भगिनी कंपनीच्या संचाला ‘बंद ठेवा’ म्हणायची वेळ त्यांच्यावर रोज येते, आणि त्यांची बदली-बढती त्याच घरात होते.

जुना बोर्डवाला, अंबाजोगाई

ताई, शंभर टक्के बरोबर. लोड डिस्पॅच स्वतंत्र झाल्याशिवाय २००५ चं काम पुरं झालं असं मी म्हणणार नाही. फक्त मालकीही गौण मानू नका. वेळापत्रक तिऱ्हाइतानं लावलं तरी नवी लाईन कुठं टाकायची, शटडाऊन कधी मागायचा, दुरुस्तीची टोळी आधी कुठं पाठवायची हे मालकाच्या हातात उरतंच. रात्री वादळात टॉवर पडल्यावर कुठला आधी उभा राहतो, तिथं मालक कोण ते कळतं.

फारकतीचा तोटाही लिहायला हवा. पूर्वी केंद्र आणि लाईन एकाच नकाशावर, एकाच टेबलावर आखली जायची. आता सोलर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो आणि मोठ्या लाईनीला तीन-चार वर्षं लागतात. जमिनीचा मोबदला, वनखात्याची परवानगी, कोर्टकचेऱ्या. राजस्थानात प्रकल्प तयार आणि लाईन मागे, म्हणून वीज सोडून द्यावी लागायलीय. आपल्या बीड-धाराशिवच्या माळांवर पवनचक्क्या आणि सोलर दाटायलेत, ती वेळ इथंही येईल. त्याला उपाय पुन्हा सगळं एकत्र करणं हा नाही. लाईन आधी आखायची, अर्ज येण्याची वाट बघत बसायचं नाही.

डाळमिलवाला, लातूर

काका, ताई, भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार. आता निदान काय विचारायचं ते कळलं. चुलत्यांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, व्होल्टेजचं खरं आहे, रेणापूरकडं आमच्याच कामावर मोटारी जळताना बघितल्यात.

सोलरवाल्याला बोलावतोय. हिशेबनीस भाऊ, तुम्ही समोर असता तर त्याच्याकडून काय काय लिहून घेतलं असतं?

हिशेबनीस, जालना

दर गेटवरचा की माझ्या मीटरवरचा, हे आधी. गळती आणि सगळे अधिभार धरून युनिट कितीला पडेल, आणि आयोगानं अधिभार किंवा भाडं वाढवलं तर ती वाढ कुणाची, हे करारात पाहिजे. तुमची मिल रात्री चालते आणि सोलर दिवसा, म्हणून बँकिंगची अट नीट वाचा: दिवसा जमा झालेलं युनिट संध्याकाळच्या महागड्या तासांत वापरता येतं का, महिनाअखेरीला उरलेल्याचं काय होतं. पावसाळ्यात त्याचा प्रकल्प कमी चालेल तेव्हा तुम्ही महावितरणकडूनच घेणार, म्हणून कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे महावितरणशी करारात ठरलेली कमाल मागणी, घाईनं कमी करू नका.

कॅप्टिव्ह म्हणत असेल तर बाकीच्या भागीदारांची यादी आणि मागच्या वर्षी ५१ टक्क्यांची अट पूर्ण झाल्याचा हिशेब मागा. आणि पंधरा मिनिटांचा नवा मीटर, त्याची चाचणी, त्याचं मोडेम, हा खर्च कुणाचा तेही लिहून घ्या. आमच्याकडं तो शेवटी ग्राहकाच्या माथी आला होता.